घरात ऐकू येणारा श्वास

माझ्या बीपीचं काय झालं म्हणून विचारताय ना? मग चहा ओता आणि ऐका.

विश्रामबागेतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, पाळी गेली की बाईच्या नसा लवकर आवळतात, बीपी चढतं. गोळी आत्ताच नको. रोज शांत बसून श्वास घ्या आणि अगदी सावकाश सोडा. बघू महिनाभर." जन्माची गोळी टळली म्हणून मी खूश.

संध्याकाळी दारालगतच्या सोप्यात बसले, डोळे मिटले आणि लांब श्वास सोडला. आतून सून धावत आली.

"आत्या, दिवेलागणीला सुस्कारे कशापायी सोडताय? माझं काय चुकलं?"

"अगं, सुस्कारा न्हवं, औषध हाय!"

तोवर आमचे मालक, म्हणजे सुनेचे सासरे, पेपर टाकून उठले. फौजेतून पेन्शनीत आलेला माणूस, पण आवाज अजून परेडचाच.

"काय कमी केलंय गं तुला? गल्ली ऐकतीया!"

हे स्वतः घोरतात ते पार पलीकडच्या माधवनगरला ऐकू जातं. त्याबद्दल कुणी विचारलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी लेकीचा साताऱ्याहून फोन, "आई, तू रुसून बसलीयास म्हणं?"

मी काय गप्प बसणारी बाई नाही. रोज श्वास, रोज भांडण. शेवटी श्वास बंद केला.

महिन्यानं डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधला. आकडा पहिल्यापेक्षा वर.

"आजी, सांगितलेला श्वास करत नाही का?"

"बाई, तो घरात ऐकू येतो. तुमी आपली गोळीच द्या. गिळलेलं कुणाला ऐकू येत न्हाई."