आजीचं फडकं, माझी तार

मी मूळची नामपूरची. बाप मार्केटात कांद्याच्या गोण्या उचलायचा, लय कटकट्या माणूस, गोण उचलायच्या आधी आत हात घालून बघायचा, आमच्या अहिराणीत म्हणायचा वरला कांदा बघून काय कळतं, आत काय शे ते देख. हमालाला काय करायचंय आतलं? पण खोड. मी आयटीआयला वायरिंग शिकले, लग्न होऊन नाशिकरोडला आले, आता वीस वर्षं गिझर, मिक्सर, पंखे दुरुस्त करते. बाई मेकॅनिक म्हणून आधी लोक हसले, मग बायकांनाच बरं वाटायला लागलं, घरात बाळंतीण असली की गडीमाणूस कसा आत घ्यायचा, बोलवा मंगलला.

तसंच एकदा बोलावलं, चार वर्षं होतील. पोरगी माहेरी बाळंत झालेली, तिच्या आईला आम्ही सगळे आजीच म्हणायचो. बाथरूममधला गॅसचा गिझर, पण धूर बाहेर फेकायला लाईटवरचा पंखा असतो ना, त्यातला, जुना. फ्यूज उडालेला. बदलला, उडाला. दुसरा टाकला, तोही गेला. काय सांगू तुम्हाला, फ्यूज पुन्हा पुन्हा उडाला तर दुखणं दुसरीकडं हाय, हे मीच दहा जणांना शिकवलेलं. पण जवळचे फ्यूज संपले, आजी मागं उभी, मंगल, पोरगी तेल लावून बसलीय गं, गार पडेल, कर काहीतरी. मी वायरीतली तांब्याची तार काढली, फ्यूजच्या जागी गुंडाळली, ती काय उडत नाय, म्हटलं आजच्यापुरतं, उद्या नवा टाकते. गिझर पेटला. आजीनं बळंच चहा पाजला.

जिना उतरले, गाडीला किल्ली लावली न डोक्यात आलं, जाळाचा आवाज आला, पंख्याचा कुठं आला? म्हणजे धूर आतच कोंडतोय. तशीच पळत वर. आजी म्हणते थांब, ती न्हातीय. मी आजीला बाजूला लोटून बाथरूमचं दार ढकललं. पोरगी पाटावर भिंतीला टेकलेली, म्हणाली ताई, गरगरतंय. गिझर बंद केला, ओढत गॅलरीत आणली. दवाखान्यात नेली, संध्याकाळपर्यंत बरी झाली. बाळ पाळण्यात होतं, नशीब.

मग मी धुराचा पाईप उघडला. बाहेरच्या तोंडातून फडकं कोंबलेलं, पार पंख्याच्या पात्यात गुंतलेलं, पंखा जाम, म्हणून फ्यूज उडत होता. आजी मटकन खाली बसली. म्हणाली मीच कोंबलं, काठीनं, बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून. फडकं सगळ्या घरानं पाहिलं. तार मी गुपचूप काढून पिशवीत टाकली.

आता दर वाढदिवसाला बोलावतात, लेकराला पहिलं मला ओवाळायला लावतात, आणि आजी दरवेळी रडते, मी माझ्या पोरीला मारायला निघाले होते, मंगलनं वाचवलं. मी पेढा तसाच पिशवीत टाकते. नुसत्या फडक्यानं काय झालं असतं? फ्यूज उडून गिझर बंद राहिला असता, पोरगी शेगडीवरच्या पाण्यानं न्हाली असती. फ्यूज बिचारा सांगत होता, त्याचं तोंड मी बांधलं.

आजी थकलीय आता. पुढल्या वाढदिवसाला हे तुम्ही लिहिलेलं तिला वाचून दाखवणार हाय, मला तोंडानं सांगता येत नाय. तेवढं नीट लिहा, तार माझी होती म्हणून. मायलेकरं सुखी राहोत. आजी मग काय बोलायचं ते बोलू दे.