गडग्याचं कुंपण झालं

मी मूळचा वालावलचा, वडील भातशेती करायचे, आमच्या घरात कोर्टाची पायरी कोणी चढलेलं नव्हतं, मी कोल्हापूरला वकिली शिकलो आणि साठ सालच्या आसपास सनद घेऊन मालवणात बापूंकडे आलो. बापू म्हणजे माझे सीनियर. ते म्हणाले, गणपतीपर्यंत येत ऱ्हव, मगे बघूया. बस, तेवढीच नेमणूक.

आता हे बघूया काय असतं, काय सांगू तुम्हाला. बापू कोणाला जा म्हणायचे नाहीत. रोज सकाळी त्यांचं लाल फडक्यात बांधलेलं दप्तर ज्युनियरने कोर्टात न्यायचं, आणि ज्या दिवशी बापू ते स्वतः उचलतील त्या दिवशी ज्युनियरने समजायचं आणि घरी जायचं. माझ्या आधीचे दोघे असेच गेले होते. हे मला विठूकाकांनी सांगितलं. काका बापूंचे कारकून, बावीस वर्षं नकला त्यांच्याच हातच्या, अक्षर मोत्यासारखं. मी रोज सकाळी दप्तराकडे बघायचो, वडिलांना मात्र नोकरी लागली म्हणून कळवलं होतं.

तर आचऱ्याकडची एक विधवा आली, जमिनीच्या हद्दीचा वाद होता. ती म्हणाली, गडग्यापर्यंत आमचां रे वकिला, तीनय माड आमचेच. गडगा म्हणजे दगडांचा बांध, तो मला चांगला ठाऊक होता, पण कोर्टात शुद्ध लिहावं म्हणून मी मसुद्यात कुंपण लिहिलं. काकांनी तशीच नक्कल केली, बापूंनी घाईत सही केली, दावा दाखल झाला. सुनावणीला समोरचे वकील उठले आणि म्हणाले, वादी स्वतःच कुंपणापर्यंत म्हणतात, कुंपण म्हणजे काट्यांची वई, ती गडग्याच्या आत आहे, मधले तीन माड आमचे.

बाहेर ओसरीवर बापूंनी विचारलं, ह्यां कोणी लिवलां? मी दप्तराची गाठ मारत होतो, ती मारतच राहिलो. काका म्हणाले, अक्षर माझांच आसा. बापू म्हणाले, विठू, बावीस वर्षांत तू गडग्याक कुंपण म्हटलेलां माका आठवणा नाय. काका म्हणाले, आता डोळे पयल्यासारखे ऱ्हवले नाय. बापूंनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मी दप्तर उचलून काखेत धरलं.

दुरुस्तीचा अर्ज मंजूर झाला, बाईचे माड राहिले. दुसऱ्या दिवशी दप्तर माझ्याच हातात आलं, आणि नकलांचं काम बापूंनी काकांकडून काढून घेतलं. काका काही आठवडे बापूंच्या ओसरीवर नुसते बसून जायचे, मग यायचेच थांबले.

गणपतीनंतर बापूंनी मला कायम केलं. मी कट्टा गावी काकांच्या घरी गेलो, माफी मागायचं ठरवूनच गेलो होतो. त्यांनीच विचारलं, मगे, पक्को झालंस मां? मी हो म्हटलं. बरां झालां, म्हणाले, आता तुझां तूच लिव, तुझ्या मराठीक मी पुरो पडूचंय नाय. आणि हसले. मी सरबत पिऊन परत आलो.

काका जाऊनही खूप वर्षं झाली. माझं वय आता ऐंशीच्या पुढे. माझ्याकडे जे जे शिकायला आले त्यांना मी पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दिलं, किती महिने आणि पुढे काय. लोक म्हणतात, वकीलसाहेबांचं मन मोठं. मी ऐकून घेतो.