नुसतं ‘मग?’

बसथांब्याच्या बाकावर एक आजी आणि पाठीला सॅक लावलेली मुलगी बोलत होत्या. शेजारच्या शिंपीणबाई बंद मोबाइल कानाला लावून सगळं ऐकत होत्या.

“ख्रिस्ती विद्यापीठात शिकतेस? म्हणजे नन होणार?”

“नाही हो आजी! संवाद, माध्यमं आणि नाटक शिकते. फादरांनी गृहपाठ दिलाय. अनोळखी माणसाचं ऐकायचं, आपण नुसतं ‘मग?’ म्हणायचं.”

“अगंबाई, हेही शिकवावं लागतं? बरं. घरात मी आणि रेडिओ. तो हल्ली खरखरतो.”

“मग?”

“मग काय, त्याच्यावरच ओरडते. तेवढाच घरात आवाज.”

“मग?”

“संपलं माझं. आता तू सांग.”

“मी? गृहपाठात ते नाहीये.”

“नसू दे.”

“मी हॉस्टेलवर राहते. नाटकात मोठं काम मिळालं म्हणून घरी फोन केला. आई म्हणाली, ‘छान. जेवलीस ना? ठेवते मग.’”

“मग?”

“मग... आजी, तुमची बस आली.”

“जाऊ दे गं. मग?”

बस शिंपीणबाईंचीही होती. त्यांनी मोबाइल दुसऱ्या कानाला लावला.