येस्टिनची हुकलेली किक

मार्गेड : आधी तो मातीचा बाहुला खिडकीतून काढ, तुदुर. मग मला खुर्ची दे.

तुदुर : अगं बस तरी. चढ चढून आलीस, धाप लागलीय तुला. केनवेन, मार्गेडमावशीला चहा ओत बघू.

मार्गेड : चहा नकोय मला. माझ्या पोराचे कान गाढवाएवढे करून ठेवलेस आणि तोंड केलंस रस्त्याकडे. शाळा सुटली की पोरं काचेला नाकं लावून हसतात. काढ म्हणते ना!

केनवेन : मी काढते, मावशी.

तुदुर : थांब गं. हे बघ मार्गेड, आमचा धंदाच टिंगलीच्या बाहुल्यांचा. या खोऱ्यातल्या निम्म्या रग्बी खेळाडूंची टिंगल माझ्या वडिलांनी केली, उरलेल्या निम्म्यांची मी. कुणी रागावलं नाही कधी. ब्रिनमोरचं पोट मी पिंपाएवढं केलं, तर गडी स्वतः येऊन दोन बाहुले घेऊन गेला. एक सासूला दिला म्हणे.

मार्गेड : ब्रिनमोर कप जिंकून आला होता. जिंकलेल्या माणसाला त्याचं पोटसुद्धा शोभतं. माझं पोर हरलंय.

तुदुर : गाव हरलं. तो एकटा नाही.

मार्गेड : हो का? मग गावाचा बाहुला कर ना. अख्ख्या गावाचे कान मोठे कर. त्या बाहुल्याच्या पायाखाली काय कोरलंयस? वाच मोठ्यांदा.

तुदुर : मार्गेड, जाऊ दे...

मार्गेड : वाच!

केनवेन : ‘वारा होता.’

मार्गेड : वारा होता. शेवटचं मिनिट, खांब समोर, ही एक किक बसली की कप आपला. नाही बसली. मैदानातून बाहेर येताना कुणीतरी विचारलं, काय झालं रे, तर पोराच्या तोंडून निघून गेलं, वारा होता. एवढंच बोललं ते. आता खाणीत खाली उतरताना लिफ्टमधली सगळी माणसं एका सुरात विचारतात, ‘येस्टिन, आज वारा कसा आहे?’ जमिनीच्या पोटात, तुदुर! चॅपलमध्ये कुणाच्या भजनाच्या वहीचं पान उडालं तरी मागच्या बाकावर खुसखुस. मी म्हटलं, हसू देत मेले, थोड्या दिवसांनी विसरतील. विसरलेही असते. पण तू ते भट्टीत घालून पक्कं केलंस.

तुदुर : मी काय हौसेनं केलं? ट्रेवेनच्या क्लबाची ऑर्डर होती. कप त्यांनी जिंकला, त्यांना आठवण म्हणून काहीतरी हवं होतं.

मार्गेड : ट्रेवेनची! आपल्या गावच्या चुलीवर त्यांची मेजवानी शिजवलीस.

तुदुर : नाताळपासून भट्टी थंड पडली होती, ते नाही दिसलं कुणाला. रंगवणाऱ्या बायका घरी बसल्या होत्या. तुझी बहीण ग्वेनीथ त्यातलीच. त्या बाहुल्याची लाल जर्सी तिनंच रंगवलीय, विचार जाऊन.

मार्गेड : ग्वेनीथनं?

केनवेन : बाबा, कशाला बोललात?

मार्गेड : तरीच माझा उंबरा चढली नाही इतके दिवस. बरं. बरं झालं कळलं. तेही नंतर बघीन. तुदुर, मी भांडायला आले नव्हते रे. तोंड सुटलं. मी येस्टिनला शोधतेय.

तुदुर : म्हणजे?

मार्गेड : सकाळी उठले तर बिछाना रिकामा. नीट घडी घालून ठेवलेला. त्यानं जन्मात कधी पांघरुणाची घडी घातली नाही. मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर, त्याच्या बाबांच्या औषधाच्या बाटलीशेजारी. खाणीवर गेले, तिथे आलाच नाही म्हणतात. क्लब बंद. मायरच्या घरी गेले. लग्न ठरलंय त्यांचं, तिला तरी ठाऊक असेल. तिच्याशीही आठ दिवस बोललेला नाही. आता दुपार झाली. कुठे शोधू मी? तुझ्या दुकानासमोरून जाताना ते ध्यान दिसलं आणि माझं डोकंच फिरलं.

केनवेन : मावशी...

मार्गेड : काय गं?

केनवेन : तो इथे आला होता.

तुदुर : कधी? मला नाही बोललीस!

केनवेन : तुम्ही मागे भट्टी उघडत होतात. मी दुकान उघडलं तेव्हा तो दारातच उभा होता. मला वाटलं, भांडेल. काहीतरी फोडेल. तो म्हणाला, ‘माझे किती उरलेत?’

मार्गेड : मग?

केनवेन : मी दाखवले फडताळावर. म्हणाला, सगळे दे. खिडकीतला तेवढा राहू दे म्हणाले मी, तो नमुन्याचा आहे. कोळशाचं पोतं आणलं होतं. त्यात एकेक ठेवले. हळू ठेवत होता, मावशी, मध्ये कागद घालून. मला वाटलं, घरी नेऊन लपवणार असेल. लोकांच्या हाती लागू नयेत म्हणून.

मार्गेड : आणि तू जाऊ दिलंस.

केनवेन : मी काय म्हणणार होते? त्याच्या तोंडाकडे बघायचं धाडस नाही झालं मला. तो म्हणाला, ‘थँक यू, केनवेन.’ नेहमीसारखा. पोतं खांद्यावर टाकलं, तोंड दोरीनं आवळलेलं होतं, आणि गेला.

मार्गेड : कुठे? खाली की वर?

केनवेन : वर. जुन्या दगडखाणीच्या रस्त्यानं.

मार्गेड : तिथे काय आहे? तिथे कुणाचं घर नाही, शेत नाही. तिथे नुसतं पाणी आहे.

तुदुर : मार्गेड, बस जरा...

मार्गेड : जड असेल ना रे ते पोतं? तुदुर, तू रोज उचलतोस ही माती, सांग मला. जड असेल ना?

तुदुर : केनवेन, व्हॅनची चावी! फोनपाशी बस, हलू नकोस. नाही, आधी क्लबाच्या मागे ब्रिनमोर राहतो त्याला फोन कर. म्हणावं, माणसं घेऊन दगडखाणीवर ये. चल, मार्गेड. ऊठ. माझा हात धर.

(व्हॅन दगडखाणीच्या चढावर.)

मार्गेड : जोरात चालव.

तुदुर : याहून जोरात चढत नाही गं ती. म्हातारी आहे.

मार्गेड : मी त्याला काल रागावले. म्हटलं, खाऊन तरी घे, नुसता भिंतीकडे बघत काय पडलायस, कुणी मेलंय का आपल्या घरात? असं बोलले मी.

तुदुर : कुठलीही आई बोलेल.

मार्गेड : कुठल्याही आईचं नको सांगूस. मी बोलले.

तुदुर : मार्गेड, एक सांगू? नंतर सांगायला तोंड उरेल न उरेल. तो बाहुला मी ट्रेवेनवाल्यांसाठी घडवला नव्हता.

मार्गेड : आता कशाला खोटं बोलतोस?

तुदुर : खोटं नाही. साचा करायला वेळ लागतो, सामना झाल्यावर बसलं तर लोकांचा उत्साह विरतो. म्हणून आम्ही आधीच करून ठेवतो. आपण जिंकणार, आणि येस्टिन जिंकवणार, असं धरून मी चाललो होतो. मातीत उभा केला त्याला. पाय वर, मान सरळ, चेंडू खांबांच्या मधोमध. कान होते तेवढेच ठेवले होते. माझ्या हातून आजवर झालेलं सगळ्यात चांगलं काम होतं ते. मग आपण हरलो. मग ट्रेवेनचा सेक्रेटरी आला, म्हणाला, काहीतरी गमतीचं कर. माती अजून ओली होती.

मार्गेड : आणि तू कान ओढलेस.

तुदुर : कान ओढले. जीभ बाहेर काढली. बाजूला एक मेंढी केली आणि चेंडू खांबांमधून काढून तिच्या डोक्यावर बसवला. एका दुपारचं काम.

मार्गेड : एका दुपारचं!

तुदुर : शिव्या दे मला.

मार्गेड : आता शिव्यांना जीव नाही माझ्यात. रस्त्याकडे बघ. थांब, थांबव! तो बघ, काठावर! ती त्याचीच करडी टोपी. तोच आहे. बसलाय.

तुदुर : हाक मारू नकोस. दचकेल. दार हळू उघड.

मार्गेड : येस्टिन. बाळा. मी आलेय.

येस्टिन : पुढे येऊ नकोस, आई. शेवाळ आहे. घसरशील.

मार्गेड : मग मी बसून येते. बघ, बसले. अशी सरकत सरकत येते. तू हलू नकोस, एवढंच कर माझ्यासाठी.

येस्टिन : कपडे खराब होतील तुझे.

मार्गेड : होऊ देत. हे काय? हाताला काय गुंडाळलंयस?

येस्टिन : दोरी आहे. पोत्याची.

मार्गेड : पोतं कुठाय?

येस्टिन : ते काय, खाली त्या कपारीत लटकलंय. अर्धं पाण्यात आहे.

मार्गेड : का रे? का गुंडाळलीस?

येस्टिन : चढावर ओढायला गुंडाळली होती. खरंच. सगळे पाण्यात टाकायचे आणि घरी यायचं, असंच ठरवलं होतं. खिडकीतला तेवढा राहिला असता. पोतं ढकललं, ते कपारीत अडकलं आणि दोरी आवळली गेली. सोडवायला लागलो. मग वाटलं, सोडवायची तरी कशाला? तेव्हापासून बसलोय. ना उठवत, ना दुसरं काही होत.

मार्गेड : दे हात इकडे. देवा, बर्फ झालाय नुसता. गाठ ओली आहे, सुटत नाही. दातांनी बघते.

तुदुर : माझ्याकडे सुरी आहे. माती तासायची. येऊ का मी?

मार्गेड : तू लांब थांब!

येस्टिन : येऊ दे त्यांना, आई. तुझे दात दुखतात.

तुदुर : हळू येतो. हं. मार्गेड, तू त्याला मागून कमरेला धर, दोरी तुटली की झटका बसेल. येस्टिन, हात ढिला सोड.

येस्टिन : तुदुरकाका, माझे कान एवढे मोठे आहेत?

तुदुर : नाहीत.

येस्टिन : आणि डावा गुडघा?

तुदुर : गुडघा तुझाच आहे. त्याला हात नाही लावला मी.

येस्टिन : मला वाटलंच. किक मारताना तो आत वळतो, हे आमच्या कोचलासुद्धा माहीत नाही. बाहुला हातात घेतला आणि म्हटलं, या माणसानं मला नीट बघितलंय.

तुदुर : मैदानाच्या भिंतीआडून. तू चेंडूएवढा होतास तेव्हापासून बघतोय.

येस्टिन : मग असं का केलंत?

तुदुर : सोपं होतं, बाबा. दुसरं काही सांगता येत नाही. चेंडू जरासा फिरवला की काम होत होतं.

येस्टिन : माझ्या पायाकडूनही तो जरासाच फिरला.

मार्गेड : बोलणं पुरे, काप!

तुदुर : कापतोय. जाड आहे. धर, मार्गेड, घट्ट धर! तुटली. गेलं पोतं.

येस्टिन : बुडबुडे येताहेत.

मार्गेड : त्याकडे बघू नकोस. माझ्याकडे बघ. रडू नकोस म्हणत नाही मी, रड, पण मागे सरकून रड. अजून मागे. हां.

येस्टिन : आई, लोक विसरणार नाहीत गं.

मार्गेड : नाही विसरणार. खोटं कशाला सांगू? बरेच दिवस हसतील. ट्रेवेनच्या घराघरांत तू मेंढीशेजारी उभा असशील. आपल्या घरी मात्र तू हवास. तेवढंच माहीत आहे मला.

येस्टिन : आणि लिफ्टमध्ये?

मार्गेड : उद्या मी येते त्या लिफ्टपाशी. बघते कोण काय विचारतं ते.

येस्टिन : नको. तू नको येऊस. आणखी हसतील.

मार्गेड : बरं, नाही येत. तू जाऊही नकोस उद्या. परवाचं परवा बघू.

तुदुर : साचा मी आज फोडतो, येस्टिन. पुन्हा एकही निघणार नाही.

येस्टिन : फोडा नाहीतर ठेवा. मला थंडी वाजतेय.

तुदुर : माझा कोट घे. खालून आवाज येताहेत, ब्रिनमोर माणसं घेऊन निघालेला दिसतोय. मी पुढे होऊन परतवतो त्यांना. सांगतो, काही झालं नाही. उगाच दहा तोंडं तुला बघायला नकोत.

मार्गेड : पुढे होतोस म्हणे! उतार केवढा आहे, बघितलास? याचे पाय लटपटताहेत, माझे तर गेलेच. परत जा म्हणून हाक मारून सांग त्यांना, इथूनच. आणि इकडे ये. मी ही बाजू धरलीय, तुदुर. तू ती धर.