मुशीतलं कुणाला सांगायचं न्हाई

सोनं दगडावर नुसतं घासून त्याचा कस सांगणारा माझ्यासारखा मानूस मद्रासच्या आख्ख्या सौकारपेठेत न्हाई. ही पेठेतलं दुसरं कुणी म्हनत न्हाई, मीच म्हनतो, आन दोनदा माझा कस चुकल्यावर शेठनं त्यो दगड काढून घिऊन माझ्या हातात भट्टीचा चिमटा दिला, त्यो मग बावीस वर्सं सुटला न्हाई.

गाव आमचं खानापूर तालुक्यातलं, विट्याच्या वरल्या अंगाला. आमच्याकडं घरटी एक तरी मानूस गलाईला बाहेर. गलाई म्हंजे काय, जुनं दागिनं मुशीत घालून वितळवायचं, तेजाबात टाकून त्यातला मळ काढायचा, आन चोख सोनं शेठच्या हातावर ठेवायचं. शाळेत मी गेलो, न्हाई असं न्हाई, पर मास्तर म्हनायचं ह्यो हाय म्हनून भिंतीला टेकू मिळतोय, बाकी काय उपेग न्हाई. तिसरीतनं सुटलो. वाईच मोठा झाल्यावर मामानं हितं मद्रासला आनलं. शेठ आमच्या शेजारच्याच गावचा. त्यानं इचारलं कुनाचा रं तू, मामा म्हनला माझ्या भनीचा, शेठ म्हनला बस दुकानात. झाली मुलाखत. चा सुदिक आला न्हवता तवर नोकरी लागली.

आन पयल्या दिशी शेठनं एकच गोष्ट शिकवली. मुशीत कुनाचं काय आलं, किती आलं, काय निगालं, ही कुनाला सांगायचं न्हाई. पोलिसानं इचारलं, बायकूनं इचारलं, देवानं इचारलं, शेठला इचारा म्हनायचं. आमचा धंदाच त्यावर. कुनी आईच्या पाटल्या मोडाय आनतंय, कुनी बायकूला न सांगता आनतंय. म्या बावीस वर्सं तोंड उघडलं ती जेवायपुरतं.

मग काय सांगू तुमाला, शेठ थकला, त्याच्या पोरानं दुकान बंद केलं. माल आता मोठ्या रिफायनरीत जातोय, तितं समदं मशिनीवर. शेजारपाजारच्या गलाईवाल्यांकडं जाऊन आलो, तर त्येच माझ्याकडं आशेनं बघाय लागलं, तुमच्या वळखीत काय हाय का म्हनून. मामा वारला. कुनाचा रं तू, असं इचारणारं कुनी ऱ्हायलं न्हाई.

बायकू म्हनली, वैशाखापतूर काम लागलं तर ऱ्हाऊ, न्हाईतर चला गावाला, शेळ्या राखू. मला शेळ्यांचं काय वाटत न्हाई, शेळ्यांचं आन माझं शिक्षन सारखंच हाय. पर पोरगी हाय न्हवं, पूजा. बारावीला. हितंच जलमली, तमिळ शाळेत शिकली, नंबरात आली. मराठी बोलती, पर मराठी वाचाय दिली की माझ्यावानीच अक्षराकडं बघत बसती. हितं कालेजात जायचं हाय तिला, हिशेबाच्या शिक्षनाला. गावाला न्हेली तर काय हुईल, सांगा की. एवढी शिकलेली पोर एका रातीत माझ्यावानी अडानी. म्हनून म्या म्हटलं, काय बी करून काम बघायचं.

तर पूजा म्हनली, अप्पा, आता दुकानं फिरून वेले मिळत न्हाई, वेले फोनात मिळतंय. वेले म्हंजे काम, ती अशीच बोलती, अर्धं हिकडलं अर्धं तिकडलं. तिनं फोनात ॲप घातलं आन मला इचारून इचारून भराय लागली. शिक्षन काय टाकू अप्पा. म्हटलं, तिसरी टाक. तर यादीत तिसरी न्हाईच. सगळ्यात खाली दहावीच्या आत असं एक हाय. म्हंजे नववी नापास आन मी एकाच खोलीत. बसल्या जागी सा वर्गांची बढती मिळाली, जलमात कुनी दिली न्हवती.

मग काम कंचं. गलाई त्यात न्हाई. पूजानं भट्टी असं काय तरी घातलं तर दोन हाटेलांनी फोन केला, परोटा मास्टर पायजे म्हनून. पुढं इचारलं, तुमच्या कामाला तुमी पाचात किती चांदन्या देता. म्या दोन दिल्या. पूजा कपाळाला हात लावून म्हनली, अप्पा, समदे पाच देतात. म्हटलं, आपल्या कामाला आपूनच भारी म्हनायचं व्हय, लाज न्हाई का. दोनच ठेवल्या. आता कळतंय, त्या मशिनीला लाज म्हंजे काय ती ठाव न्हाई, तिला वाटलं ह्यो दोनाचाच मानूस.

पूजा शाळेला गेली की मी घरात बसून ॲपातलं अर्जाचं निळं बटन दाबायचो. वाचता येत न्हाई, निळं दिसलं की दाब. चार-पाच दिसांनी अण्णा नगरच्या कुठल्या दवाखान्यातनं बाईचा फोन, अनुभव किती, बाळंतपनं केल्यात का. म्हटलं एक झालंय, पर मी भाईर उभा हुतो. नर्सच्या जागंला अर्ज केलता म्या. ड्रायव्हर, शिकवनीवाला, नवरीला नटवनारा, कशाकशाला केलता ती देव जानं.

आन उत्तर म्हनाल तर ह्येच, तुमचा अर्ज बघितला. आज बघितला, काल बघितला. पोरगी बघाय पावनं येत्यात, पोहं खात्यात, कळवतो म्हनत्यात आन जात्यात, तसं झालं. त्या पोरींना काय वाटत आसंल ती मला ह्या वयात कळलं.

असं करत करत एक खरा फोन आला. मद्रासच्या भाईर ओरगडमला गाड्यांचं भाग वतायचा कारखाना हाय, तितं भट्टीवर मानूस पायजे. ऐकून मला रडूच आलं. भट्टी. आता भट्टीतलं मला कोन काय शिकवनार. बोलनं फोनवरच, तोंड बघून. लग्नात जायचा शर्ट घातला, खाली लुंगीच, ती कुनाला दिसतीया. पूजा टेबलाच्या खाली बसली, काय अडलं तर सांगाय.

कारखान्याची बाई चांगली हुती, तमिळमधनं बोलली. कंच्या दुकानात काम करत हुता, इचारलं. माझ्या तोंडातनं आलं, शेठला इचारा. ती हसली. दिवसाला किती किलो वितळवत हुता. म्हटलं, ती आमाला सांगता येत न्हाई. कसल्या मालाचं काम हुतं, कस किती यायचा. म्या परत म्हटलं, शेठला इचारा. तिनं सरळच इचारलं, तुमी खरंच भट्टीवर काम केलंय का. पूजा खालनं पायाला चिमटं काढतीया, अप्पा सोल्लुंगा, सांगा की, सांगा. मला सांगायचं हुतं हो. दुकान बंद हाय, शेठला आता मानूस वळखू येत न्हाई, कुनासाठी गप बसलो मी. पर बावीस वर्सांचं कुलूप, चावी कुठं ठेवली ती मलाच घावंना. बाई म्हनली बरं, थँक्यू, आन फोन काळा झाला. दोन मिंटात रिजेक्ट म्हनून आलं. येवढ्या दिसांत कुनी तरी बघितल्याच्या पुढं गेलं, ह्येचंच मला वाईच बरं वाटलं, बघा कसा मानूस.

पूजा टेबलाखालनं उठून अभ्यासाला बसली. शेवटचा पेपर झाला त्या दिशी तिनं त्याच फोनात सोताचं नाव घातलं. पाच चांदन्या दिल्या आसनार. तासाभरात फोन. ओरगडमलाच, दुसरा कारखाना, मालाचं डबं भरायचं काम, बस न्ह्याय येती, सोमवारपासनं. आता वैशाख लागलाय, आन आमी गावाला जात न्हाई, बायकूनं शेळ्यांचं नाव काढायचं सोडलं. कालेजचा अर्ज तसाच पडलाय. पुढल्या वर्सी बघू म्हनती पूजा. पुढल्या वर्सी कोन जातंय, मला काय कळत न्हाई का.

आज सोमवार, सकाळी तिला म्हटलं, बाळ, आठ दीस थांब, म्या काल निळी लई बटनं दाबल्यात, एखादा तरी फोन येईलच. ती डबा भरत हुती. वर न बघताच म्हनली, अप्पा, फोन द्या हिकडं. तुमाला कुनाचा येत न्हाई, मला बसवाल्याचा यायचाय.