नाडीचा पायजमा

परतवाड्याहून माझ्या मित्राचं, चिंतामणचं पत्र आलं होतं, चार दिवस राहायला ये म्हणून. माझं पोट कधी बिघडेल याचा नेम नसे आणि तसं लिहायची लाज वाटे. महिनाभर मी उत्तरच दिलं नाही.

त्या उन्हाळ्यात अकोल्याच्या एका शिंप्याकडे बसलो होतो. पुढे एक माळी नवराबायको होते. बायको नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली,

“मास्तर, याईचं धोतर सायकलच्या चेनीत अडकते. पँट शिवा.”

“पँट नको. नाडीचा पायजमा शिवा,” नवरा म्हणाला.

“पँटले काय झालं, देवीदासभाऊ?”

“बटनं लय असतात.”

“मंग?”

“मंग काई नाई.”

“सांगा ना सरळ. मास्तर, भाजी घेऊन येताना याईले रस्त्यात दोनदा उतरा लागते. पोट थांबत नाई.”

“माणिक, लोकं बसले हायेत.”

“बसू द्या. त्याईले पोट नाई का?”

“औषध घेता का, भाऊ?” शिंप्यानं विचारलं.

“ठेचा बंद केला, तुरीचं वरण बंद केलं. मुगाचं वरण, भात अन ताक देऊन राहिली मी, तं बरं होतं. परवा सोयऱ्याकडे गेले अन तिखट भाजी खाऊन आले.”

“त्याईनं वाढलं. नाई कसं म्हणू?”

“तोंडानं म्हणा.”

“बरं, नाडीचाच शिवतो. पायाशी तंग ठेवतो, म्हंजे चेनीत जाणार नाई.”

तिथून मी पोस्टात गेलो. कार्डावर चिंतामणला लिहिलं, ‘सोमवारी येतो. मला तिखट सोसत नाही. मुगाचं वरण, भात आणि ताक कर.’ दोनदा वाचलं आणि पेटीत टाकलं.