बन्सीधरचं सोपं पुस्तक

...पण कॉम्प्युटर शिकवणारं पुस्तक मिळंल कुठं, हे कुणी सांगंल तर शप्पथ! दूध संघात कॉम्प्युटर आणला, चपला बाहेर काढा म्हणून दारावर पाटी लावली, सभासदांची नावं मांडायला त्यात डेटाबेस का काय ते घातलं, पण चालवायचं कसं ते कुणाच्या बापाला ठाऊक न्हाई. तुमाला सांगतो, आमच्या बन्सीधर कारकुनानं बटण दाबलं की काळ्या पडद्यावर एक टिंब यायचं. बस, टिंब. ते ह्याची वाट बघत बसायचं, अन् हा पुन्यांदा बटण दाबायचा.

चेअरमन दिनकररावांनी तर हळू आवाजात सांगून टाकलेलं. त्यांचा हळू आवाजच वाईट. "दसऱ्याच्या मुहूर्तावर सगळे सभासद ह्याच्यात दिसले पायजेत, बन्सीधर. न्हाई दिसले तर तुमच्या जागंवर आमचा भुजंग हाय." भुजंग म्हंजे पुतण्या. रोज यायचा, बन्सीधरच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवायचा, अन् काय बोलायचाच न्हाई. आता सांगा, शिव्या परवडल्या का न्हाई?

निघाला पुस्तक हुडकायला. परभणीचा दुकानदार म्हणतो, "दहावीचं गाईड हाय, कापसावरच्या किडीचं हाय... डेटाबेस? ते जनावराला टोचतेत का?" नांदेडला गेला तर इंग्रजी ठोकळा. वर लिहिलेलं, नवशिक्यांसाठी. अन् आत पहिल्याच पानावर, हे सगळं तुमाला येतंच असं धरून चालू. अरे, येत असतं तर तुझ्या दारात कशाला आलो असतो? "ह्याच्याहून सोपं हाय का?" तर तिथला दुकानदार चष्म्यावरनं बघून म्हणतो, "ह्याच्याहून सोपं म्हंजे न शिकणंच." परत आला, बटण दाबलं, टिंब हजर.

शेवटी औरंगाबादच्या फुटपाथवर घावलं. मराठीत, चित्रं घालून! बन्सीधरला रडूच आलं. घरी पोचला तर खंडेनवमी. नर्मदाबाईनं, म्हंजे बायकोनं, पिशवीतनं काढलं, हळदकुंकू वाहिलं, अन् विळा, पाटी, शिलाई मशीन ह्यांच्यासंगं पूजेत मांडून मोकळी. "आता उद्या सीमोल्लंघन करून आल्यावर हात लावा."

"अगं, माझं कॉम्प्युटरचं सकाळीच हाय."

"मग उचला की. काय इपरीत झालं तर मला सांगू नका."

आता असं म्हणल्यावर कोण उचलतं? पुस्तक डोळ्यापुढं, अन् पान उघडायची सोय न्हाई.

दसऱ्याला सकाळी कॉम्प्युटरला झेंडूचा हार, सगळं संचालक मंडळ चपला काढून उभं. बटण दाबलं. टिंब. दिनकरराव बघायलेत, भुजंग बघायलाय, टिंब बघायलंय... बन्सीधरचा सदरा घामानं भिजला. तेवढ्यात भुजंग वाकून त्याच्या कानात म्हणतो, "काका, मलाबी येत न्हाई. तुमाला पुस्तक घावलंय म्हणं, पूजेतनं उठलं की द्या."

दिनकररावांनी ते ऐकलं. हळूच म्हणाले, "उठा बन्सीधर. भुजंग बसंल." उठला बिचारा. बारा वर्षांची नोकरी गेली म्हणून दाराशी जाऊन चपलेत पाय घातला, तर मागनं तोच हळू आवाज. "चालले कुठं? पुस्तक तुमच्याकडं हाय ना? मग उद्यापासून शिकवा त्याला."

काय करता... शिकवायलाय. उभ्यानं. खुर्ची एकच हाय ना.